उमऱ्याचे हाजी

आमच्या मामूंना नुसतं 'मामू' म्हटलेलं चालत नसे. 'हाजी मामू' म्हणायचं. आता हे गृहस्थ हजला गेले कधी? कधीच नाही! मुलगा जेद्दाला कामाला होता, त्याच्याकडे राहून उमरा करून आले. उमरा म्हणजे मक्केची छोटी यात्रा, हज नव्हे, हे आमच्या मोहल्ल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण मामूंना सांगणार कोण? पापडीच्या बाजारात भाजीवालीनं एकदा साधं "चाचा" म्हटलं, तर घेतलेली वांगी तिथंच टाकून निघाले.

मामूंचा सगळा धर्म ओटीवर, चार लोकांसमोर. आतला आम्ही भोगला. नानी अंथरुणाला खिळली होती, अम्माचं नाव घेऊन हाका मारत होती. अम्मा धावत माहेरी गेली, तर मामूंनी तिला फाटकातूनच परत पाठवलं. कारण काय, तर तिनं त्यांना न विचारता माझ्या बहिणीचं लग्न ठरवलं! "आता आली होय आईची आठवण?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी नानी गेली. अम्माला तिचं तोंड दिसलं ते कफनातच.

हजला किंवा उमऱ्याला निघण्याआधी घरोघर जाऊन "कहासुना माफ करा" म्हणायची आमच्यात रीत. ज्याला दुखावलं त्याची माफी घेतल्याशिवाय अल्लाहच्या दारी जायचं कोणत्या तोंडानं? मामूंनी या रीतीची वरातच काढली. गळ्यात निर्मळच्या फुलांचे हार, मागे माणसं. ज्यांच्याशी जन्मात भांडण नव्हतं त्यांच्या गळ्यात पडून माफी मागत सुटले. पोस्टमन झाला, पाचूबंदरची मासळीवाली झाली, शेजारचे कॅथलिक मास्तर झाले. मास्तर मला म्हणाले, "अरे, यांनी मला कधी काय केलं तेच आठवेना!"

इकडे अम्मा धुतलेली साडी नेसून दारात बसलेली. "येईल बघ. मोठा भाऊ आहे माझा. एकदा तोंडानं म्हणू दे, मी सगळं सोडून देईन," असं मला सांगत होती. तिला ते सोडायचंच होतं हो, ओझं झालं होतं तिला.

सगळ्यात शेवटी मामू आले. चपलाही काढल्या नाहीत. "जैबू, कहासुना माफ कर हां. टॅक्सी उभी आहे."

अम्मा उठून उभी राहिली. "कशाची माफी, भाई?"

"असंच... जे काही असेल ते."

"फाटकातलं बोला ना. एकदाच बोला."

मामूंनी मागच्या माणसांकडे पाहिलं, हार सारखे केले. "विमान चुकेल माझं," म्हणाले आणि चालू लागले. मला त्या दिवशी आलेला संताप अजून उतरलेला नाही.

परतले ते दोन ब्लँकेटं, एक टेपरेकॉर्डर आणि नावापुढे 'हाजी' घेऊन. काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा काय वाटलं, असं लोकांनी विचारलं, तर म्हणे, "एवढं ऊन, पण फरशी काय थंडगार!" धन्य ते मामू!

आमच्याकडे स्वतः फिरकले नाहीत. मोलकरणीच्या हाती मक्केतल्या जमजम विहिरीच्या पवित्र पाण्याची बाटली पाठवली. मी म्हटलं, "अम्मा, परत पाठव."  तिनं डोक्यावर पदर घेतला, किब्ल्याकडे, म्हणजे काब्याच्या दिशेला तोंड केलं, बिस्मिल्लाह म्हणून थेंब न् थेंब प्यायली. डोळे वाहत होते. मग बाटली विसळली, पदरानं पुसली आणि मोलकरणीच्या हातात दिली.

"पाणी अल्लाहचं होतं, ते घेतलं," ती म्हणाली. "बाटली भाईची आहे, ती त्यांना नेऊन दे."