झाडबेडकीचं माहेर

आज सकाळी न्हाणीत, बादलीच्या आतल्या काठाला, मुठीएवढा पांढरा फेस चिकटलेला दिसला. साबणाचा नव्हे, बोट लावलं तर चिवट. वर नळाच्या पाइपाला मातकट झाडबेडकी पाय दुमडून बसलेली, डोळे अर्धे मिटून. फेसात तिची अंडी. या खोलीवर माझ्याकडे दुसरं कुणी येत नाही. बादलीतलं पाणी तसंच राहू दिलं आणि उंबऱ्याशी बसून राहिले.

पिपरी मेघे गावाच्या कडेचा हा घरांच्या प्लॉटांचा लेआउट जिथं पडलाय, तिथं बोडी होती. लहानसं तळं, काठाला बाभळी, पाण्यावर शिंगाड्याचे वेल, आणि टायरच्या ट्यूबवर बसून शिंगाडे तोडणारी एक म्हातारी. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना असाच फेस लटकायचा, पिल्लं त्यातून टपटप खाली पडायची. "नांदते झाडावर," म्हातारी सांगायची, "पण बाळंतपणाले इथं येते. माहेर हाय तिचं."

बोडी बुजवणार असं कळलं तेव्हा मी पत्रक काढलं. 'माहेर' मला बाळबोध वाटलं. ठोकून दिलं: अतिदुर्मिळ प्रजाती धोक्यात! खोटं होतं, ठाऊक होतं. पण साध्या बेडकासाठी कोण बुलडोझर थांबवतो? म्हातारीनं पत्रक माझ्याकडून वाचून घेतलं नि हसली. "काऊन वं पोरी, दुर्मिळ काऊन लिवलं? माह्या मोरीत रोज बसून राह्यते. माह्यापेक्षा जास्त आंघोळ करते!"

पत्रकामुळं बोडीच्या पाहणीला आलेला साहेब हात धुवायला नेमका काठावरच्या म्हातारीच्याच मोरीत गेला. बाहेर आला तो पत्रक नाचवत. "हीच का तुमची दुर्मिळ?" सगळे हसले. आठवड्यात बोडीत मुरूम ओतणारे टिप्पर लागले. सोबत घोषणा देणारे फोन उचलेनासे झाले. म्हातारी हिंगणीला लेकीकडे निघाली तेव्हा एवढंच म्हणाली, "खरं लिवलं असतं तरी बुजवलीच असती. पण आपल्याले मान खाली घाला लागली नसती."

राग अजून उतरलेला नाही. साहेबावर आहेच, त्याहून जास्त माझ्यावर. रोज दिसणारं कायम राहणार असं आपण धरून चालतो, आणि त्याच्या बाजूनं बोलायचं तर ते रोजचं आहे हेच लपवतो. खरं सांगायला मी फार उशीर केला.

परवा शेजारी नव्यानं राहायला आलेल्या बाईंनी विचारलं, "इथं पहिले काय होतं वो?"

"पाणी होतं," मी म्हणाले.

"हो ना वो," त्या हळहळल्या, "आता तं नळाले दिवसाआड येते."