शेवटच्या खोलीचा दरवाजा

चार टाळक्यांनी मिळून गेम बनवलात आणि शेवटचा दरवाजा कसा उघडतो ते एकालाही आठवत नाही? चाळीच्या ग्रुपवर सगळ्यांसमोरच विचारते.

आज दुपारी कामं आटपून माझ्या भावाचा, विजूचा, जुना कॉम्प्युटर लावला. कॉलेजात असताना त्याने आणि तुम्ही तिघांनी बनवलेला तो तलवारीचा गेम. आपलीच करी रोडची चाळ, जिन्याजिन्यात राक्षस. विजू कितीदा म्हणाला, "ताई, एकदा शेवटपर्यंत खेळ. शेवटच्या खोलीत तुझ्यासाठी ठेवलंय काहीतरी." मी म्हणायची, "आणि भांडी कोण घासणार, तुझा बाप?"

मी चौथी शिकलेली, म्हणून सगळं मराठीत लिहिलंय त्याने. गेममधला माणूस मेला की नळाजवळ परत उभा राहतो. तिथे हंडा घेतलेली बाई ओरडते, "मेलास परत? ऊठ, चहा घे."

ती मीच. रोज सकाळी असंच उठवायची मी त्याला.

आज कितीदा तरी मेले, दर वेळी तिने उठवलं. शेवटी दरवाज्याशी पोचले, तर तो उघडेचना. तुम्हा तिघांनाही फोन केले. कुणालाच आठवेना, आणि मंग्या म्हणाला,

"ताई, वीस वर्षं झाली गं. कदाचित विजूने ती खोली बनवलीच नसेल."

कदाचित म्हणजे काय रे?

रविवारी विजूला जाऊन वर्ष होतंय. तिघंही जेवायला येणार आहात. त्याआधी जुन्या सीड्या काढा, डोकी खाजवा, काय ते करा. आत काही आहे की नाही, शनिवारपर्यंत सांगा. नसेल तर तसं सांगा, म्हणजे मी उगाच मरत बसणार नाही.