सील लावलेली मेस

लातुरात क्लासच्या पोरांसाठी माझी ताई मेस चालवायची. कोरोनात मेस बरेच दिवस बंद पडली. नंतर पोरं परत आली, मेस सुरू झाली, पण डोक्यावरचं देणं काही फिटेना. शेवटी तिनं कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. मेसमधलं सामान ताब्यात घ्यायला कोर्टानं एका वकिलाला रिसीव्हर म्हणून नेमलं.

तो आला त्या दिवशी मी उदगीरहून मुद्दाम गेलो होतो. ताई त्याला म्हणाली, "साहेब, फ्रीजरमधी दूध हाय, पनीर हाय. तेवढं काढून शेजारीपाजारी वाटून टाकते."

"कशालाही हात लावू नका. आता हे सगळं कोर्टाचं आहे."

विजेचं मेन बटण बंद करून त्यानं शटरला कुलूप घातलं आणि वर लाखेचं सील लावलं.

ऐन उन्हाळा होता. सामानाची किंमत काढायला माणूस यायचा होता, तो काही येईना. शेजारचा झेरॉक्सवाला वासावरून रोज ताईशी भांडायचा आणि ताई कोर्टात खेटे घालायची. पार पोळ्याच्या सुमाराला रिसीव्हर त्या व्हॅल्युअरला घेऊन उगवला. ताईकडं ज्याचे पैसे अडकले होते त्या दूधवाल्यालाही बोलावलं होतं.

शटर वर गेलं आणि आतून असा भपकारा आला की मी गटारापाशी जाऊन ओकलो. फ्रीजरमध्ये पनीरचा काळा लगदा झाला होता आणि त्यात अळ्या वळवळत होत्या.

रिसीव्हर रस्त्यावरूनच, नाकाला रुमाल लावून म्हणाला, "बाई, आधी हे साफ करा. असल्या घाणीत किंमत कशी काढायची?"

ताईनं पदर खोचला. दूधवाल्यानं तिच्या हातातली बादली घेतली. "सरा ताई. दूध माझंच व्हतं की."

दोघं घाण उपसत होती, तोवर हे दोघे साहेब समोरच्या हॉटेलात भजी खात बसले. परत आल्यावर व्हॅल्युअरनं फ्रीजरवर टिचकी मारली. "वास मारतोय. भंगारात धरू."

"वीज कुणी बंद केली?" मी विचारलं. त्यानं मान वर न करता लिहून टाकलं. पातेली, पराती सगळं किलोवर मोजलं. निघताना रिसीव्हरनं हात धुवायला साबण मागितला. त्यानं कशालाच बोट लावलं नव्हतं. ताईनं साबण आणून दिला.

लिलावाला एकच माणूस आला, रिसीव्हरच्या ओळखीचा. आलेल्या पैशातून आधी रिसीव्हरचं मानधन गेलं, मग व्हॅल्युअरची फी, मग त्याचा गाडीखर्च. दूधवाल्याच्या हाती पडलं त्यात त्याच्या म्हशींची एका दिवसाची पेंडही आली नसती.

ताई आता दुसऱ्याच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. कोर्टानं तिला देण्यातून मोकळं केलंय, तरी पगार झाला की ती दूधवाल्याला थोडे थोडे देते.

"कायद्यानं तुला द्यायची गरज न्हाई," मी एकदा म्हणालो.

"कायदा बघितला की मी," ती म्हणाली.