मालकांची खुशाली

रत्नागिरी स्टेशनवर कोकण रेल्वेचे डबे तेव्हा अजून नवे वाटायचे. बाबा मिरकरवाडा बंदरात दुसऱ्याच्या मासेमारी ट्रॉलरवर तांडेल होते, बोट हाकायचे. हंगाम सुरू व्हायला चार दिवस होते, म्हणून मला पोचवायला येता आलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठात समुद्रतळाच्या गाळावर संशोधन करायला मला शिष्यवृत्ती मिळाली होती. ते सरकारी नाही, खाजगी आहे, एवढंच मी घरी सांगितलं होतं. खाजगी म्हणजे मालक असणार, आणि मालक असला म्हणजे पोरीवर कुणाचं तरी लक्ष राहणार, असा बाबांनी हिशेब केला. तेवढ्यावर त्यांनी मला जाऊ दिलं.

खिडकीशी येऊन म्हणाले, "मालकास माजा नमस्कार सांग. म्हणावं, पोर तुमच्या बोटीवर धाडलीय."

मी "सांगते" म्हटलं. तिथे कुणी मालक नसतो हे खरं सांगितलं असतं तर त्यांनी तिथेच माझी बॅग खाली उतरवली असती.

मालक भेटले. हिरवळीवर ब्राँझच्या खुर्चीत बसलेले, हिवाळ्यात मिशीवर बर्फ. लाकडाचे मोठे व्यापारी, मूलबाळ नव्हतं; सगळी मिळकत कॉलेजला देऊन शंभर वर्षांपूर्वीच वारले होते. आधी चार खोल्या आणि एक घंटा, मग लायब्ररी, वेधशाळा, लॅबमागून लॅब, असं वाढत वाढत त्या कॉलेजचं विद्यापीठ झालं. आता कारभार विश्वस्तांकडे होता आणि त्यांतलं कुणी मला ओळखत नव्हतं. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी पुतळ्याला बाबांचा नमस्कार सांगितला, मराठीत. पुढे सवयच लागली. लॅबमधून परतताना मी त्याच्या शेजारच्या बाकावर बसायची. धुकं उतरलं की दगडी इमारती पाण्यावर हलल्यासारख्या दिसत आणि आपण नक्की कुठल्या किनाऱ्यावर आहोत ते मला कळेनासं होई. फार बरं वाटायचं तेव्हा. माझ्यासारखे गावाबाहेर पडलेले तुम्ही सगळे हे ओळखाल.

दर रविवारी फोनवर बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला. "काय गो, मालक बरे हायत ना?"

"बरे आहेत. रोज बाहेर बसतात. बोलत नाहीत फारसं."

शब्द खोटे नव्हते, एवढाच काय तो मला दिलासा.

सहा वर्षांनी डॉक्टरेट झाली आणि दूरच्या शहरात नोकरी लागली. बाबा म्हणाले, "मालकास इचारलंस? न इचारता बोट सोडू नये." ते स्वतः उभ्या आयुष्यात एकदाच बोट बदलून दुसरीकडे गेले होते, तेही मालकाच्या दारात उभे राहून, परवानगी घेऊन. मला राहवेना. मालक म्हणजे नुसता पुतळा आहे, माणूस कधीच गेला, सगळं सांगून टाकलं.

फोनवर मागून जेटीवरच्या इंजिनाची धडधड येत होती. मला वाटलं, आता चिडतील.

"मी मनात धरून व्हतो," ते म्हणाले, "तुजी फारच आठवन आली तर मालकास कागद लिवीन. तो तुला घरी धाडील." आणि मग, "आता कोनास लिवू गो?"

"मला लिहा, बाबा."

त्यांनी कधी लिहिलं नाही. मी दर वर्षी न बोलावता जाते. घर म्हणजे आता मला ते ठिकाण वाटतं, जिथे कुणीतरी सहा वर्षं मला बोलावणं धाडायचं मनात धरून होतं आणि मी त्याला चुकीचा पत्ता देऊन ठेवला होता.