झाकणावरचा पाटा

आमची आक्का सकाळी उठली की तोंड धुण्याआधी फ्रीजरला कान लावायची. देवाला हात जोडणं, चहा, सगळं त्यानंतर. मागच्या पडवीत जाऊन, एक हात झाकणावर ठेवून आणि डोळे मिटून ती ऐकत उभी राहायची, मग समाधानाने म्हणायची, "चालू हाय." तो चालू आहे हे कळायला कान लावायची काही गरज नव्हती. त्याची घरघर महाडच्या बाजारपेठेतून जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरलासुद्धा ऐकू जात असेल. पण हे आक्काला सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर ती म्हणायची, "आवाज सगळ्यांना येतो रे. तब्येत कुणाला कळते?"

आक्का म्हणजे माझी आत्या. पण सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणत आलो. तिचं आणि आतोबांचं पाचाडला गडाच्या पायथ्याशी सरबताचं आणि थंड बाटल्यांचं दुकान होतं. गड उतरून आलेली घामाघूम माणसं तिथे टेकायची. आतोबा गेले, मूलबाळ नव्हतं, दुकानाची जागा दुसऱ्याची होती. माझे वडील टेम्पो घेऊन बहिणीला आणायला गेले, तेव्हा तिच्याबरोबर कपड्यांची एक ट्रंक आणि वरून झाकण उघडणारा तो मोठ्या पेटीएवढा पांढरा फ्रीजर आला. वडील म्हणाले होते म्हणे, "हा विकून टाकू तिथेच." त्यावर आक्का टेम्पोतून खाली उतरली. दोघंही आले.

आमच्या घरी एवढ्या मोठ्या फ्रीजरचं काम नव्हतं. काम गल्लीने शोधून काढलं. शेजारच्या हमीदाचा नवरा मस्कतला, घरात ती आणि सासू. बकरी ईदचं मटण त्यांच्या लहान फ्रिजमध्ये मावेना, ते आक्काने आमच्याकडे आणून ठेवलं. मग कुणाचा आंब्याचा रस आला, कुणाचे ओले काजूगर आले, कुडपणहून येणाऱ्या एका मावशींची करवंदं आली. श्रावण लागला की अर्धी गल्ली आपापली मासळी आमच्याकडे ठेवायला आणायची, कारण श्रावणात ती आपल्या घरात नको. आमच्या घरात चालते का, हा प्रश्न कुणालाच पडत नसे. आक्का स्वतः श्रावणी सोमवार कडक करायची. मी एकदा तिला विचारलंच, तर म्हणाली, "देव घरात बघतो. पेटीत कशाला वाकून बघील?"

कुणाचं काय हे कळावं म्हणून ती जुन्या पातळांच्या चिंध्या फाडून पिशव्यांना बांधायची. एकेका घराला एकेक रंग. हमीदाची चिंधी जांभळी, आक्काच्या आवडत्या पातळाची. हमीदा मागच्या दाराने येऊन आपली पिशवी ठेवायची किंवा न्यायची. तिने कधी हाक मारली नाही आणि आक्कानेही कधी मान वर केली नाही. बाकीच्या बायाही तशाच. आंघोळ करून मी टॉवेलवर पडवीत यायचो, तर तिथे कुणीतरी वाकून आपला बांगडा शोधत असायचं.

या सगळ्यात आमच्या घराला काय मिळालं म्हणाल, तर बर्फसुद्धा नाही. फ्रीजर तर गच्च भरलेलाच, पण त्यात न मावलेलं आक्का स्वयंपाकघरातल्या आमच्या फ्रिजच्या बर्फाच्या खणात कोंबायची. उन्हाळ्यात पाहुणे आले की माझी बायको सुलभा सरबत करायची आणि मी कोपऱ्यावरच्या दुकानात बर्फ आणायला जायचो. घरात एवढा मोठा फ्रीजर असून बर्फ विकत आणणारा माणूस महाडात दुसरा नसेल. दुकानदार मला बघून नुसता हसायचा.

फ्रीजर म्हातारा होत गेला तशी आक्काची दुरुस्ती वाढत गेली. झाकणाचं रबर सैल पडलं तेव्हा तिने सायकलच्या ट्यूबची पट्टी आत खोचली. तीही पुरेना, तेव्हा स्वयंपाकघरातला दगडी पाटा उचलून झाकणावर ठेवला. त्या वजनाने झाकण बसू लागलं. त्यानंतर फ्रीजर उघडायचा म्हणजे आधी दोन्ही हातांनी पाटा उचलायचा, खाली ठेवायचा, काम झालं की पुन्हा वर चढवायचा. गल्लीतल्या बायांना त्याची इतकी सवय झाली की त्या गप्पा मारता मारता पाटा उचलायच्या. सुलभाची कंबर मात्र दुखायला लागली, आणि चटणी मिक्सरमध्ये करावी लागायची ती वेगळीच.

दुरुस्तीला नझीर यायचा. चांगला कारागीर आणि बोलायला सरळ. तो मशीनचं खोकं उघडायचा, मान हलवायचा आणि दर वेळी म्हणायचा, "आक्का, आता बदला."

"बदलायचा असता तर दुकानदाराला बोलावला असता. तुला कशाला बोलावलाय?"

"अहो, गॅस राहत नाय यात."

"राहत नाय तर परत भर. तू जेवतोस ते राहतं काय पोटात?"

नझीर माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे बघायचो. मग तो कुठल्या तरी मोडक्या फ्रीजरचा जुना भाग आणून बसवायचा. आधीच्यापेक्षा जास्त आवाज करत फ्रीजर पुन्हा सुरू व्हायचा आणि आक्का नझीरला आंब्याचा रस द्यायची. तो रस कुणाचा असायचा हे मी कधी विचारलं नाही.

सगळ्यात वैताग पावसाळ्यात. आमचं घर खालच्या आळीत. सावित्री फुगली की पाणी दारात येतं, म्हणून भोंगा झाला की आळीतले लोक सामान माळ्यावर चढवायला लागतात. आमच्याकडे पहिल्यांदा फ्रीजर चढायचा. आमचा लाकडी जिना अरुंद, त्यात मध्ये वळण. चार शेजारी घामाने निथळत तो उभा करून, तिरका करून, शिव्या घालत वर न्यायचे. खाली आक्का उभी राहून सांगायची, "कोपरा सांभाळा! आतलं हलवू नका!" एका वर्षी पाणी अंगणात शिरलं तरी ती जिन्याखालीच. मी ओरडलो, "आक्का, तू आधी वर जा!" तर म्हणे, "मी काय, दोघं धरतील नि नेतील. त्याला चौघं लागतात. आधी तो." आणि खरंच आधी तो गेला.

माळ्यावर वीज नाही. आक्का झाकणावर पाट्याशेजारी बसून राहायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. "उघडू नका, गारवा जाईल." आळीतली माणसं आमच्याच माळ्यावर बसलेली, पोरं भुकेने रडतायत, आणि ही गारवा राखतेय. मग आतलं आता टिकत नाही असं तिला वाटलं की ती एकदम उठायची. "आता काढा सगळं. खाऊन टाका." हमीदाचं मटण, कुणाची कोलंबी, सगळं एकाच स्टोव्हवर चढायचं. तसं जेवण मी पुन्हा कुठे जेवलो नाही. तरी माझा राग गेला नाही, कारण पाणी ओसरल्यावर तो फ्रीजर आम्हालाच खाली आणायचा होता.

शेवटी एकदा मी हट्टाला पेटलो. नवाच घ्यायचा. आक्का म्हणाली, "चल, बघून तर येऊ." मला वाटलं जिंकलो. दुकानात गेल्यावर तिने कनवटीतून एक सुतळी काढली. तिला दोन गाठी मारलेल्या. जिन्याच्या वळणाचं माप. दुकानदार विजेची बचत सांगत होता, गॅरंटी सांगत होता. आक्का वाकून एकेका फ्रीजरला सुतळी लावत होती.

"हा नाय जात."

"कुठे नाय जात, आजी?" दुकानदाराने विचारलं.

"माळ्यावर."

"फ्रीजर माळ्यावर कशाला नेताय?"

"पाणी आल्यावर तुझ्याकडे आणून ठेवू काय?"

एक फ्रीजर गाठीत अगदी बरोबर बसला. मी पुढे सरसावलो. आक्काने झाकण उघडलं, आत हात घालून बघितलं, नि म्हणाली, "याचं झाकण लई हलकं हाय." आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो. 

घरी आल्यावर मी भडकलो. म्हटलं, सुलभाची कंबर जाते, विजेचं बिल बघवत नाही, दर पावसाळ्यात माणसं वेठीला धरतो, आणि तुला नवा नको म्हणजे काय? आक्का पाटावर बसून चिंध्या फाडत होती. मान वर न करता म्हणाली, "आण की नवा. पण मग तो तुझा, दिन्या."

"माझा म्हणजे? घरचाच ना?"

"घर तुझं हाय रे. कपाट तुझ्या बापाचं, भांडी तुझ्या आईची. तुम्ही मला काय कमी केलं नाय, मी बोलत नाय तसं. पण या घरात माझं म्हणायला हा एक डबा हाय. बाया येतात त्या माझ्या डब्याकडे येतात. उद्या तुझा फ्रीजर आला की हमीदा मटण ठेवायला तुला विचारील. मी पण तुलाच विचारीन."

मला फार वाईट वाटलं आणि तेवढाच संतापही आला. एवढी वर्षं गॅस, रबर, झाकण, जिना अशी शंभर कारणं सांगणारी ही बाई, हे एक कारण आधी सांगती तर मी वाद तरी घातला नसता.  दुसऱ्या दिवशी सुलभानेच नझीरला फोन केला आणि फ्रीजरमध्ये पुन्हा गॅस भरला गेला.

मग आक्काचे गुडघे गेले, पाठोपाठ दम लागायला लागला. तिने अंथरूण धरलं. फ्रीजरला कान लावायचं काम तिने माझ्यावर सोपवलं. मी पडवीच्या दारातूनच ओरडायचो, "चालू आहे!" ती आतून विचारायची, "कान लावलास काय?" शिमग्याच्या आसपास एका सकाळी पडवीत आवाजच नव्हता. नझीर आला, खोकं उघडून बसला आणि या वेळी त्याने मान हलवलीसुद्धा नाही. कॉम्प्रेसर जाम झाला होता. बायांनी आपापल्या पिशव्या काढून नेल्या. मी आक्कापाशी गेलो. कुठलासा जुना कॉम्प्रेसर शोधायला नझीरला पनवेलला धाडायचं मी मनात ठरवलं होतं.

"बदल," आक्का म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून ऐकायला मी वर्षानुवर्षं तिच्याशी भांडलो होतो. आणि ती म्हणाली तेव्हा मलाच तो नको झाला. मी म्हटलं, "अगं, नझीर बघतोय काहीतरी." ती म्हणाली, "नझीरला त्रास देऊ नको. बदल." आणि उशीखालची सुतळी काढून माझ्या हातात दिली.

दुकानदाराने सुतळी ओळखली. काही न विचारता त्याने दुसरं टोक धरलं. गाठीत बसणारा फ्रीजर घरी आला, तेव्हा आक्काला खुर्चीवर बसवून पडवीत नेलं. तिने झाकणाला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"हा बोलत नाय रे. चालू हाय का नाय, कळायचं कसं?"

मी तिला हिरवा दिवा दाखवला.

"दिवा काय, कुणी पण लावील," ती म्हणाली. मग झाकणावरून हात फिरवला. "चांगला हाय. तुझा हाय, नीट सांभाळ."

चैत्रात ती गेली. जुना फ्रीजर भंगारवाला घेऊन गेला. पाटा पडवीत भिंतीला टेकून राहिला. नव्या फ्रीजरमध्ये सुलभाने बर्फाचे ट्रे लावले आणि आमच्या घरात बर्फच बर्फ झाला. मागच्या दाराने कुणी येईना. आक्का आजारी म्हणून बाया थांबल्या होत्या, आता आक्काच नाही म्हणून थांबल्या असाव्यात. मी टॉवेलवर पडवीत यायचो तर तिथे कुणी नसायचं. एवढी वर्षं मला हेच तर हवं होतं, पण त्या रिकाम्या पडवीत मला उभं राहवेना.

पावसाच्या तोंडावर बकरी ईद आली. दुपारी पुढच्या दाराची बेल वाजली. दारात हमीदा, हातात पिशवी, डोक्यावरची ओढणी सारखी करत.

"भाऊ, थोडं मटण ठेवू काय तुमच्या फ्रीजरमध्ये? अडचण नसेल तर."

आक्का म्हणाली होती तेच, अगदी तसंच. माझं डोकं फिरलं. "तू मला विचारतेस, हमीदा?"

"आक्का नाय ना आता," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, विचारावं."

"काय विचारायचं नाय!" मी एवढ्या जोरात ओरडलो की सुलभा स्वयंपाकघरातून धावत आली. "मागच्या दाराने ये नि ठेव! फ्रीजर आक्काचाच हाय!"

हमीदा घाबरून पायऱ्या उतरली, बोळातून वळसा घालून मागच्या दाराने आत आली. पडवीत वाकली, सवयीने दोन्ही हात झाकणावर नेले पाटा उचलायला, आणि हात तसेच राहिले. पिशवीच्या तोंडाला जांभळी चिंधी होती. ती रडायला लागली आणि मग माझाही धीर सुटला.

ती गेल्यावर मी भिंतीचा पाटा उचलून नव्या झाकणावर ठेवला. त्याची काही गरज नाही. नझीर परवा बघून गेला, म्हणाला, "दिनेशभाऊ, बिजागऱ्या जातील." जातील तेव्हा दुरुस्त करू म्हटलं. सुलभा कंबर धरून मला बोलते, आणि तिचं बरोबरच आहे. सकाळी बायांच्या गर्दीने पडवीत पुन्हा पाय ठेवायला जागा नसते. रविवारी पोलादपूरचे पाहुणे आले. सुलभाने सरबत केलं आणि मी बर्फ आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो.