मांडवाच्या गाठी

त्या पावसाळ्यात आमच्या घरात सगळेच खोटं बोलत होते. वडिलांच्या पोटातल्या कॅन्सरला आम्ही अल्सर म्हणत होतो. डॉक्टरांनी मला आणि भावाला आत बोलावून दिवाळीपर्यंतचीच मुदत सांगितली होती. आईची एकच अट होती, त्यांना कळता कामा नये. कळलं की माणूस खचतो, असं तिचं म्हणणं. मला ते अजिबात पटत नव्हतं, तरी गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं नखाने खरवडायचं काम मीच करत होते.

वडील सायखेड्याकडचे. नोकरीपायी जन्म नाशकात काढला, पण हात मातीतच. धुण्याच्या दगडापाशी त्यांनी चुलत्याच्या मळ्यातली द्राक्षाची काडी लावली होती. वेल भिंतीवरून, वाळत घालायच्या दोरीवरून थेट शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या डिशवर जाऊन बसली. वडिलांनी खाटेवरून टुमणं लावलं, "तिला मांडव कर. दसऱ्याला छाटणी, का होळीला घड. लय गोड वाण हे तो."

होळीचं नाव ऐकताच आई भांडी घासायचं निमित्त काढून आत गेली.

भाऊ पुण्याला परतला होता, तेव्हा मांडव माझ्याच गळ्यात पडला. नळाचे जुने पाइप सिमेंटमध्ये रोवले, त्यांच्यावर बांबूचा सांगाडा ठेवायचा. स्टुलावर उभं राहून बांधायला गेले तर स्टूलच डुगडुगायला लागलं. मग ठरवलं, सांगाडा खालीच बांधू आणि शेजाऱ्यांना बोलावून वर चढवू. माझ्या अकलेचं मलाच कौतुक वाटलं.

उघडीप होती, म्हणून वडिलांची खाट मागच्या दारात घातली होती. ते डुलक्या घेत होते. मी घामाघूम होऊन सुतळी आवळत होते. आई चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"सोड ते," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आधी सोड. काय बांधून ठेवलंस हे दारात?"

मी उभी राहून पाहिलं. दोन लांब हिरवे बांबू, त्यांवर आडव्या कामट्या, सुतळीचे वेढे. आमच्यात तिरडी बांधतात तेव्हा बायका घरात बसलेल्या असतात. मी ती फक्त उचलून नेताना पाहिली होती, बांधताना कधीच नाही. आणि गल्लीत कोणी गेलं की बांधायला पहिली हाक पडायची ती वडिलांनाच.

माझा मलाच भयंकर संताप आला. मी गाठ सोडायला वाकले. आई उगाचच मोठ्याने बोलायला लागली. चहा निवतोय, पाऊस येईल, खाट आत घ्यायला हवी.

वडील कधीचे जागे होते कोण जाणे. कोपरावर टेकून त्यांनी मान उंच केली आणि सांगाडा नीट न्याहाळला.

"सोडू नको," ते म्हणाले. "चांगली बांधली. फक्त गाठी खालच्या अंगाला घे. वरून पाठीला टोचतात."

आई मटकन उंबऱ्यावर बसली. त्यांनी तिच्या हातातून चहा घेतला आणि बशीत ओतून निवांत प्यायला लागले. मी खाली बसले आणि रडत रडत एकेक गाठ सोडून खालून बांधू लागले.