चौकातली ढाल

भांडायला मला कारण लागत नाही, असं नवरा म्हणतो. खोटं नाही ते. पण त्या महिन्यात ऑफिसात मी जी भांडले, ती स्वभावाने नव्हे, भीतीने.

मी गेमचे मॅप बनवते. चार जण लाल संघात, चार जण निळ्या संघात, आणि एकमेकांवर गोळ्या झाडायला मधे मी बांधलेलं गाव. गावाच्या चौकात थोड्या थोड्या वेळाने एक ढाल उगवते. ती उचलणाऱ्याला काही सेकंद गोळी लागत नाही. त्यामुळे ती दोन्ही संघांना सारख्याच अंतरावर हवी. ते अंतर मी स्वतः मोजलं होतं.

त्याच सुमारास माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे या परक्या देशात नोकरी करायचा परवाना, संपत आला होता. नवा करायचा फॉर्म सहीसाठी बॉसच्या टेबलावर पडून होता. नवऱ्याचं युनिव्हर्सिटीतलं पोस्टडॉक संपलेलं, म्हणून तो आणि लेक दोघंही माझ्याच पासच्या जोरावर इथे राहत होते. सही झाली नाही तर सेंगकांगचा फ्लॅट रिकामा करून तिघांनी निघायचं. दुसरीतल्या पोरीला हे कसं सांगायचं, याची मी बाथरूममध्ये तालीमसुद्धा केली होती.

आणि नेमकी तेव्हाच, गेम खेळून चुका शोधणारी आमची टेस्टर मीटिंगमध्ये म्हणाली, "ढाल निळ्यांना जवळ पडते. आम्ही लालवाले रोज उशिरा पोचतो."

ती इथेच जन्मलेली, ऑफिसातली सगळ्यात तरबेज खेळाडू. बॉससमोर काहीही बोलायला ती कचरत नसे, आणि मला तिचा राग यायचा तो याचाच.

"निकाल बघ," मी म्हणाले. "निम्मे डाव लाल जिंकतात, निम्मे निळे. अजून काय हवंय तुला?"

"निकाल वेगळा, ढाल वेगळी."

"अंतर मी मोजलंय. तू मोजलंस का?"

माझा आवाज चढला होता. बॉसने दोघींकडे पाहिलं आणि शुक्रवारी मॅप पक्का करायचं ठरवून टाकलं. मी जिंकले होते.

आमच्या टेस्टिंगच्या खोलीत दोन रांगा. दाराकडचे चार कॉम्प्युटर लाल संघाचे, खिडकीकडचे चार निळ्यांचे. खिडकीतून दुपारचं ऊन थेट पाठीवर यायचं, म्हणून सगळ्यांना दाराकडची खुर्ची हवी असायची. इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, टेबलावर टिशूचं पाकीट ठेवलं की जागा तुमची, कोणी हात लावत नाही. ऑफिसातही तेच. जेवायला जाण्याआधी दाराकडच्या चार खुर्च्यांवर चार पाकिटं पडायची, आणि रोज त्याच चौघांची. चौघंही खेळात मुरलेले, टेस्टर त्यांतलीच. नवखे बिचारे उशिरा येऊन उन्हात बसायचे. मीही कितीदा माझ्या पर्समधलं पाकीट त्या चौघांना दिलं होतं.

गुरुवारी दाराकडचा एसी बंद पडला. आभाळ भरलेलं, खिडकीत ऊन नव्हतं. पाकिटं खिडकीकडे गेली.

मुरलेले चौघं निळे झाले आणि एकूण एक डाव निळ्यांनी जिंकला. लालांना ढाल एकदाही मिळाली नाही. मी मागे उभी राहून बघत होते. इतके दिवस चांगले खेळाडू वाईट बाजूने खेळत होते, म्हणून निकाल निम्मेनिम्मे येत होता. मॅप उघडून पाहिला. अंतर मी सपाट नकाशावर मोजलं होतं. निळे चौकात पायऱ्या उतरून येत होते, लाल चढून. उतरणारा शेवटच्या चार पायऱ्या उडी मारून येतो, एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

टेस्टरने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "आत्ता गप्प बस. सही होऊ दे, मग सांग." मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात लेकीने शाळेची चिठ्ठी पुढे केली. पुढच्या टर्मच्या सहलीची परवानगी. "आई, साइन लाह. टीचर वेटिंग," ती शाळेतल्या पोरांच्या बोलीत म्हणाली.

पेन हातात घेतलं. पुढच्या टर्मची तारीख वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"उद्या करते," मी म्हणाले.

शुक्रवारी बॉसने मला सगळ्यांसमोर एवढंच विचारलं, "फेअर आहे ना?"

हो म्हणायचं ठरवूनच आले होते. समोर टेस्टर वहीवर रेघोट्या ओढत बसली होती. "नाही," मी म्हणाले. "ती पहिल्यापासून बरोबर होती." मग खुर्च्या, पाकिटं, पायऱ्या, सगळं सांगितलं.

बॉसने स्क्रीनवर मॅप उघडून पायऱ्या पाहिल्या. "सोमवारपर्यंत दुरुस्त कर," तो म्हणाला आणि लोक उठले.

मी उठले नाही. खोली रिकामी झाल्यावर फॉर्मचं विचारलं.

"तो? सही करून पाठवला की. काल सकाळी."

काल सकाळी. म्हणजे एसी बंद पडण्याआधी, मी अजून बरोबर होते तेव्हा.

घरी जाऊन चिठ्ठीवर सही केली. पुढे पासही आला. माझी चूक कळल्यावर बॉसने सही केली असती का, हे मात्र मी कधी विचारलं नाही. आता हा पासही संपत आलाय. नवा फॉर्म गेल्या सोमवारपासून बॉसच्या टेबलावर आहे, आणि मी रोज येता-जाता त्याच्या केबिनच्या काचेतून तो अजून तिथेच आहे का ते बघते.